मिळून आला नाही

दिवाणी न्यायालयाच्या नजारतीत ज्याने आयुष्याची तेहतीस वर्षे घालवली, त्याच्या कानांत निवृत्तीनंतरही जे एक वाक्य घुमत राहते ते कोणा न्यायाधीशाच्या निकालपत्रातले नसते की कोणा नामांकित वकिलाच्या युक्तिवादातलेही नसते. ते असते बेलिफाने समन्साच्या पाठीवर, बहुधा एस.टी.च्या थांब्यावरील बाकावर बसून, घाईघाईने खरडलेले : ‘सदर इसम घरी मिळून आला नाही.’ इसम काल संध्याकाळपर्यंत घरी असतो. त्याची बैलजोडी गोठ्यात रवंथ करीत असते, चुलीतला विस्तव अद्याप विझलेला नसतो, आणि ओसरीवरच्या खुंटीला त्याचा पटकाही लटकत असतो. परंतु सरकारी कागद गावच्या शिवेत शिरला की हा गृहस्थ अंतर्धान पावतो आणि बेलिफाची पाठ फिरताच पुन्हा पारावर येऊन विडी शिलगावतो. असे शेकडो शेरे मी उदगिरास आणि निलंग्यास रजिस्टरात उतरवून घेतले. अशा माणसास गाठावे कसे, याचा विचार मात्र मी कधी केला नाही, कारण बजावणी होवो अथवा न होवो, कागद रुजू झाला की नाझराची जबाबदारी संपत असे. ती मला निवृत्तीनंतर नव्याने उचलावी लागली, आणि तीही माझ्याच अंगणात उभ्या असलेल्या एका चारचाकी इसमाच्या संबंधात.

हा इसम म्हणजे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्याने पद्मिनी काढणे 2000 साली थांबवले आणि 2001 साली मी ती विकत घेतली, यावरून माझ्या व्यवहारचातुर्याविषयी वाचकाने जे अनुमान काढावयाचे ते खुशाल काढावे. लातूरच्या एका डॉक्टरांनी ती जिवापाड जपली होती. आणि भविष्यनिर्वाह निधीतली थोडी रक्कम हाती असताना, देवणीसारख्या आडवळणाच्या गावी राहून सतत एस.टी.च्या वेळापत्रकाशी मिळते घेण्याचा मला कंटाळा आला होता. शिवाय पद्मिनीविषयी आमच्या पिढीला एक हळवेपण आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची उभारणी केली, आणि इटलीच्या फियाट कंपनीचे 1100 हे प्रतिमान देशी होता होता पुढे चितोडच्या राणीचे नाव धारण करून रस्तोरस्ती धावू लागले, 1089 सी.सी.चे ते लहानखुरे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरच बसवलेला गिअर, आणि पुढच्या अखंड बाकावर दाटीवाटीने बसणारी तीन माणसे, हे ज्याने पाहिले आहे त्याला आजच्या मोटारी शेजारच्याशीही न बोलणाऱ्या माणसांसारख्या वाटतात. आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे होते. “अहो, म्हातारपणी माणूस काठी घेतो, तुम्ही आणखी एक म्हातारं घरी आणलंत,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि मग ओवाळणीचे तबक आणावयास आत गेल्या.

गाडी पंधरा वर्षांची झालेली असल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण करून घेणे भाग होते. त्यासाठी ती परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकासमोर उभी करावयाची, म्हणजे ती नीटनेटकी दिसावी, म्हणून मी तिला आपादमस्तक नवा रंग देवविला. मूळचाच साय-रंग, परंतु असा झळझळीत की दारातून जाणारी पोरे तिच्या अंगात आपले तोंड पाहून वेडावून दाखवीत. रंगाऱ्याने आपले काम इतके मन लावून केले की बॉनेट उघडले तर आतली बाजूही तितकीच उजळ दिसे. निरीक्षकांनी गाडीभोवती एक फेरी घातली, दिवे लावून पाहिले, ब्रेक तपासले आणि पाच वर्षांची मुदत दिली. या रंगाचा उल्लेख मी येथे करून ठेवतो, कारण पुढे दीड वर्षाच्या प्रसंगांचा जो रोजनामचा मी लिहिला त्यात तो करावयाचे मला कधी सुचले नाही.

सहाएक महिन्यांनी खोड सुरू झाली. किल्ली फिरवावी तो इंजिनाने अंग झाडून जागे व्हावे, हा रोजचा परिपाठ. त्याऐवजी एके दिवशी बॉनेटखालून फक्त ‘टक्’ असा आवाज आला. एकच, कोरडा, कोणी सुपारी फोडावी तसा. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा टक्. चहाच्या टपरीवरची चार मुले धावत आली, त्यांनी पाठीमागून धक्का दिला, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी अशी निघाली की जणू काही घडलेच नव्हते. मग तीन आठवडे ती बिनतक्रार चालली. मग उदगिरास किल्ल्याच्या रस्त्यावर, भर गर्दीत, पुन्हा टक्. मग पंधरा दिवस शांतता. एखादे यंत्र कायमचे बिघडले तर माणूस त्याचा शोक करतो आणि मोकळा होतो. परंतु जे केव्हा बिघडेल हे सांगता येत नाही त्याच्या सहवासात माणूस हळूहळू संशयी होत जातो, आणि घरातून निघताना आपण नेमके कोठे थांबणार आहोत, तेथे उतार आहे काय, धक्का देणारी चार माणसे तेथे मिळतील काय, असले हिशेब करू लागतो. लग्नाच्या आमंत्रणात मी मुहूर्ताआधी मंगल कार्यालयाच्या पटांगणाचा चढ-उतार पाहू लागलो होतो.

गाडी अर्थातच दुरुस्तीस नेली. आणि येथून त्या ‘मिळून आला नाही’चा अनुभव सुरू झाला, कारण गॅरेजच्या दारात उभी केली की ती किल्लीच्या पहिल्या स्पर्शासरशी सुरू होई. दहा वेळा फिरवा, दहाही वेळा. पहिल्या कारागिराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखली. खोटी फिर्याद घेऊन आलेल्या पक्षकाराकडे शिरस्तेदार तसाच पाहतो. तरीही आलेल्या गिऱ्हाइकास रिकाम्या हाताने परत पाठवणे त्याच्या जिवावर आले असावे, म्हणून त्याने बॅटरी बदलली. महिनाभर गाडी ठणठणीत. नंतर टक्. दुसऱ्याने सेल्फ खाली उतरवला, कार्बन बदलले, आर्मेचर साफ केले, बुश टाकले. गाडी दोन महिने ठणठणीत. नंतर टक्. तिसरा जरा विद्वान होता. त्याने सगळा दोष डिलकोच्या माथी मारला. डिलको म्हणजे ठिणगीची वाटणी करणारा तो टोपीवाला डबा. आमच्याकडचे मिस्त्री त्याला दुसऱ्या नावाने ओळखतच नाहीत, आणि हे नाव ज्या अमेरिकन कंपनीचे, ती डेल्को, चार्ल्स केटरिंग यांनी 1909 साली काढली, आणि त्याच केटरिंगांनी हँडल मारण्याच्या कष्टातून मनुष्यजातीला सोडवणारा विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाडीत बसवून दाखवला. हे मला पुढे एका पुस्तकात वाचावयास मिळाले तेव्हा, आपल्या सेल्फच्या आजारासाठी त्या माणसाच्या नावाचा डबा उगाच बदलला, याचे थोडे हसू आले. सी.बी. पॉइंट नवा, कंडेन्सर नवा, कॉइल नवी, चारही प्लग नवे. गाडी पाच आठवडे ठणठणीत. नंतर, अर्थातच, टक्.

आता यात एक चमत्कार वाचकाच्या लक्षात आला असेल, जो माझ्या लक्षात यावयास फार उशीर झाला. प्रत्येक दुरुस्तीने गाडी बरी होत होती. आयुर्वेदात रोगाच्या परीक्षेसाठी निदानपंचक सांगितले आहे : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, त्यांपैकी उपशय म्हणजे, जेथे लक्षणांवरून उलगडा होत नाही तेथे औषध देऊन पाहावे, आणि ज्याने आराम पडतो त्यावरून रोग ओळखावा. पद्धत निःसंशय थोर आहे. परंतु जो रोग आपण होऊनच येतो आणि आपण होऊनच जातो त्याच्या बाबतीत तीच पद्धत वैद्याला फसवते, कारण ज्याने त्या वेळी जी पुडी दिली असेल तिलाच यश जाते. तीन कारागिरांनी तीन निरनिराळे रोग बरे केले होते, आणि तिघांचीही बिले मी प्रामाणिकपणे चुकती केली होती. त्यांना दोष देण्याचा माझा मानस नाही; ते तिघेही गैरहजर आरोपीविरुद्ध एकतर्फी निकाल देत होते, आणि एकतर्फी निकाल किती टिकतात हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार?

चौथा मिस्त्री आमच्या देवणीचाच. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली दोन ट्रॅक्टर कायमचे मुक्कामाला. त्याने बॉनेट उघडले नाही. पाने एका डब्यात आवरीत त्याने विचारले, “नाझरसाहेब, सेल्फ फिरूलालाय का नुसतं टक् करूलालाय?” नुसते टक्, मी म्हणालो. “आन् धक्का दिला की?” पहिल्या धक्क्याला निघते. “बसून उठल्यावर का चालून आल्यावर?” या तिसऱ्या प्रश्नाने मी चमकलो, कारण हा प्रश्न मोटारीचा नव्हे, बैलाचा होता.

देवणी हे नाव महाराष्ट्रात ज्यांना ठाऊक असते त्यांना ते बहुधा गावामुळे नव्हे, बैलामुळे ठाऊक असते. अंगाने सगळा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडावर काळेपणा असलेला वानेरा, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे उमटलेला शेवरा, अशा या जातीच्या तीन तऱ्हा आमच्याकडे पोरासोरांनाही सांगता येतात. परंतु रंग ओळखणे वेगळे आणि जनावर पारखणे वेगळे. माझे वडील बाजारात बैल घ्यावयास गेले म्हणजे उभ्या जनावराकडे पाहून कधीच सौदा करीत नसत. दात पाहून झाले की ते विकणाऱ्याला बैल खाली बसवावयास सांगत, मग आपण जाऊन पान खात, कोणाशी तरी पाऊसपाण्याच्या गोष्टी करीत, आणि पाऊण तासाने परत येऊन म्हणत, “आता उठवा.” कारण कामाच्या बैलांमध्ये एक व्याधी अशी असते की मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी आपल्या जागेवरून सरून अडकते, बैल बसून उठला की तो पाय ताठ मागे ताणला जातो, खूर जमिनीवर घासत जातो, आणि दहावीस पावले टाकल्यावर तो खट्कन सुटतो आणि बैल असा डौलात चालू लागतो की पाहणाऱ्याने मोहित व्हावे. आता असा बैल दोन कोस चालवत जनावरांच्या दवाखान्यात नेला तर तेथे पोहोचेपर्यंत त्याच्यात काय उरणार? डॉक्टर पाहतात, बैल निर्दोष. घरी आणतात, रात्रभर बसतो, सकाळी पुन्हा पाय मागे. ज्या डॉक्टरला ही खोड ठाऊक असते तो बैलाला दवाखान्यातच बांधून ठेवतो आणि बसू देतो. मग उठतेवेळी खोड हाती सापडते, गुडघ्याजवळची एक शीर कापली जाते, आणि बैल तेथल्या तेथे नीट पाय टाकीत घरी जातो.

मिस्त्रीचे घराणे मूळचे बैलांच्या दलालीतले. त्याने मला एवढेच सांगितले की गाडी येथे ठेवण्यात अर्थ नाही, ती माझ्यासमोर नाटक करणार. तुम्ही ती चालवत राहा, आणि ज्या वेळी टक् करील त्या वेळी, जेथे असेल तेथे, तशीच राहू द्या. “धक्का देऊ नका. हात लावू नका. बॉनेट बी उघडू नका. मला बोलवा.”

माझ्यासारख्या, पंचनाम्याच्या जागेवरची काडीही हलवू नये हे जन्मभर ऐकलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागावे याची लाज वाटली. दीड वर्षात ज्या ज्या वेळी आरोपी प्रत्यक्ष सापडला होता, त्या त्या वेळी मी चार पोरांना हाका मारून त्याला धक्के देऊन पळवून लावले होते, आणि मग साळसूदपणे कारागिराच्या दारी जाऊन त्याच्याविरुद्ध फिर्याद गुदरीत होतो. हिवतापाच्या बाबतीत वैद्यकाने हा धडा फार पूर्वी घेतला. आपल्या जुन्या ग्रंथांनी त्या तापाचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे पाळीवरून भेद केले, तो येतो केव्हा आणि जातो केव्हा याची बारीक नोंद केली. परंतु त्याचा कर्ता प्रथम दिसला तो 1880 साली अल्जीरियात लाव्हरानला, तापकऱ्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर. आणि तो डासात राहतो हे सिद्ध झाले ते आमच्याच जुन्या निजामी मुलखात, सिकंदराबादेस, 20 ऑगस्ट 1897 रोजी, रोनाल्ड रॉसच्या टेबलावर; त्यासाठी हुसेनखान नावाच्या एका तापकऱ्याला डास चावू द्यावे लागले होते. माझ्या लहानपणीसुद्धा डॉक्टर सांगत की रक्त द्यावयास थंडी वाजत असतानाच या, ताप उतरल्यावर सवडीने नको. आम्ही मात्र नेहमी ताप उतरल्यावर जात असू, कारण थंडी वाजत असताना गोधडीतून बाहेर पडावयाचे कोणी?

मी रोजनामचा काढला. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, गाडी किती चालून आली होती, किती वेळ उभी होती, आणि शेवटी शेरा. आधीच्या प्रसंगांपैकी जे आठवले ते मागील तारखांनी भरले. एकूण सतरा नोंदी. शेजारच्या गुरुजींनी त्या चाळून पाहिल्या आणि त्यांपैकी तीन अमावास्येच्या आहेत हे साधार दाखवून दिले. उरलेल्या चौदांचे काय, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले की चौदा वेळा दुसरे काही कारण असेल. माणसाने पुरावा कसा वाचू नये याचे इतके निर्मळ उदाहरण मला न्यायालयातही मिळाले नव्हते. मलाही मात्र त्यातून फारसे काही वाचता आले नाही. उन्हाळ्यातही होते, पावसातही होते. बहुतेक वेळा गाडी खराब रस्त्यावरून चालून येऊन थोडा वेळ थांबल्यावर होते, एवढेच ढोबळ दिसले, आणि आमच्या भागात खराब नसलेला रस्ता म्हणजे काय हे मला आधी ठरवावे लागले असते.

आणि मग, मी धक्का न देण्याची शपथ घेतल्यावर, गाडी सुधारली. एक महिना, दोन महिने, अडीच महिने. भालकीपर्यंत जाऊन आलो, मांजरा ओलांडून. पलीकडे पाट्या कानडी झाल्या, पण गाडी सुरू होत राहिली. मी मुद्दाम तिला आडरस्त्यांनी नेई, नांगरटीतल्या ढेकळांसारख्या दगडांवरून आपटत नेई, आणि थांबून किल्ली फिरवताना मनातल्या मनात ‘टक् कर, टक् कर’ असे म्हणे. ती लगेच सुरू झाली की माझे तोंड उतरे. सौभाग्यवती शेजारी बसलेल्या असत, त्या एकदा म्हणाल्या, “आधी बंद पडली की वैतागत होता, आता चालू झाली की वैतागता. गाडीनं तरी काय करावं?”

शेवटी वलांडीस तो योग आला. एका साखरपुड्याहून निघत होतो, दुपारचे तीन वाजले होते, वैशाखाचे ऊन, आणि किल्ली फिरवताच तो ओळखीचा, सुपारी फोडल्याचा आवाज. मला इतका आनंद झाला की मुलीच्या वडिलांनी तो समारंभाचा समजून पुन्हा माझा हात हाती घेतला. धक्का द्यावयास दहा माणसे धावली. मी गाडीच्या मागे हात पसरून उभा राहिलो आणि कोणास जवळ येऊ दिले नाही. नाझरसाहेबांना ऊन लागले, असे कोणीतरी म्हणालेही. एका मुलाला मोटारसायकलवरून देवणीस पिटाळले. तासाभराने मिस्त्री त्याच्या मागे बसून आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत दोन पाने, घासकागद आणि बोटाएवढ्या जाडीची एक काळी केबल.

पुढचा प्रकार मी अगदी जवळून पाहिला, म्हणून तो सावकाश सांगतो. त्याने प्रथम मला पुढचे दिवे लावावयास सांगितले आणि स्वतः गाडीसमोर, दिव्यावर आपल्या अंगाची सावली पाडून उभा राहिला. “फिरवा.” टक्. “दिवे मंद झाले न्हाईत,” तो स्वतःशीच म्हणाला. बॅटरी दुबळी असती, किंवा तिच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली असती, तर सेल्फने ओढ घेताच दिवे काजव्यासारखे झाले असते. ते तसेच प्रखर राहिले. म्हणजे बॅटरीत बळ होते, पण सेल्फ ते घेतच नव्हता, किंवा त्याला ते घेता येत नव्हते. मग त्याने मला सात-आठ वेळा, दम न घेता, किल्ली फिरवावयास लावले, आणि आपण बॉनेट उघडून चोकच्या तारेवर, ती जेथे डॅशबोर्डामागून निघून कार्बोरेटरकडे जाते तेथे, दोन बोटे ठेवली. ठेवली आणि झटकन उचलली. “या हिकडं, हात लावून बगा.” मी लावला. ती तार, जिचा विजेशी काडीचाही संबंध नाही, जिचे काम केवळ एक झडप ओढणे एवढेच, ती चटका बसावा इतकी तापली होती.

याचा अर्थ त्याने उकिडवे बसून, मातीत काडीने रेघ ओढून सांगितला. बॅटरीतून निघालेला प्रवाह जाड केबलीने सेल्फपर्यंत जातो, हे सगळ्यांना ठाऊक. परंतु तो गेला की संपला असे नव्हे, त्याला बॅटरीकडे परत यावे लागते, आणि परत येण्यासाठी निराळी तार नसते. गाडीचा पत्राच ती वाट असतो. इंजिन मात्र त्या पत्र्यावर थेट बसलेले नसते, रबराच्या गुटक्यांवर तोललेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक तांब्याच्या विणीची पट्टी असते. तिला ते ‘अर्थ’ म्हणतात. पट्टी धड नसेल तर परतणारा प्रवाह मिळेल त्या फटीने घुसतो : चोकची तार, अॅक्सिलरेटरचा दांडा, जे काही लोखंड इंजिनाला शिवून बॉडीला शिवत असेल ते. चालत्या इंजिनाला ठिणगीपुरते चार अँपिअर लागतात, ते त्या आडवाटेने निभावून जातात, म्हणूनच धक्क्याने गाडी निघते आणि मग दिवसभर तक्रार करीत नाही. पण सेल्फला लागतात दीडशे आणि त्याहूनही अधिक; तेवढा लोंढा त्या तारेतून जाणार कसा? मी घरी येऊन शाळेतल्या गणिताने ताळा केला : दीडशे अँपिअरच्या वाटेत ओहमचा पन्नासावा भाग एवढाही अडथळा आला तर बारांपैकी तीन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात, आणि आमच्या पट्टीचा अडथळा तर त्याच्या कैक पटींनी असला पाहिजे. ‘टक्’ करण्यापुरता प्रवाह पोहोचे, इंजिन फिरवण्यापुरता नाही.

“आता खात्री करू,” तो म्हणाला, आणि त्याने ती जाड केबल काढून तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूस आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर दाबून धरले. “फिरवा.” इंजिन उठले. जमलेल्या मंडळींतून एक हुंकार उमटला. केबल काढली, गाडी बंद केली, पुन्हा फिरवली : टक्. केबल लावली : उठले. असे त्याने तीनदा केले, आरोपीस तीनदा पुकारा करावा तसे, आणि मगच तो गाडीखाली सरकला.

पट्टी वरून पाहता शाबूत होती, साय-रंगात न्हालेली. बोल्ट सोडवला तेव्हा तिचे टोक एखाद्या खपलीसारखे निघाले; खालच्या पत्र्यावर रंगाचा गुळगुळीत थर, त्याच्या कडेने गंज, आणि तांब्याच्या विणीच्या पोटात हिरवा चुरा. निम्म्याहून अधिक धागे तुटलेले होते आणि उरलेले, इंजिन थांबताना जसा हेलकावा खाई, तसे कधी एकमेकांना टेकत, कधी सुटत. निरीक्षकांसमोर गाडी देखणी दिसावी म्हणून जो रंग मी दिला, त्या वेळी ही पट्टी सोडून, खालचा पत्रा रंगवून, वरून ती पुन्हा आवळण्यात आली होती. काही महिने बोल्टाच्या आट्यांनी निभावून नेले. पुढे ज्या कोणी बॅटरी बदलली, सेल्फ उतरवला, कॉइल चढवली, त्या प्रत्येकाने इंजिनाला थोडे हलवले, कोठे तांब्याचा धागा धाग्याला लागला, आणि गाडी बरी झाली. त्या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता. आणि रोजनामच्याच्या सतरा नोंदींच्या आधी जी अठरावी नोंद असावयास हवी होती, रंग दिल्याची, ती माझ्याच हातून राहिली होती.

त्याने घासकागदाने पत्रा घासला. रंग गेला, गंज गेला, आणि खाली जुन्या हाली रुपयाएवढे चकचकीत लोखंड उघडे पडले. सायंकाळी देवणीस येऊन नवी पट्टी बसवली, वर व्हॅसलीन फासले. पैसे विचारले तेव्हा त्याने पट्टीची किंमत आणि मोटारसायकलचे पेट्रोल एवढेच सांगितले, अधिक देऊ लागलो तर म्हणाला, “बैल तपासायचे पैसे कोण घेतंय?” आणि ट्रॅक्टरकडे वळला.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. गाडीचा रंग मध्यंतरी पुन्हा विटला, आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा द्यावा लागला. त्या वेळी मी खुर्ची टाकून दोन दिवस रंगाऱ्याजवळ बसून होतो. दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते. सौभाग्यवती बॉनेटवर झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आणि त्यांचे आटोपले की मी हळूच बॉनेट उघडतो, माळ एका हाताने सावरून धरतो, आणि आतल्या त्या रुपयाएवढ्या उघड्या लोखंडावर बोटाने व्हॅसलीन लावतो. “कुंकू पुढं लावतात,” त्या दर वर्षी सांगतात.

“हो,” मी म्हणतो, आणि आणखी थोडे लावतो.